हात म्हणजे शिकार नव्हे

उन्हाळा लागला की बदलापूर पूर्वेच्या शिरगावात, आपटेवाडीपासून थेट कात्रपच्या बाजूपर्यंत, सोसायट्यांमधून मांजरींची बाळंतपणं सुरू होतात. जिन्याखालची अडगळ, मीटरच्या खोलीचा कोपरा, पार्किंगमध्ये महिनोन् महिने उभी असलेली गाडी, गच्चीवरच्या टाकीमागची सावली, या त्यांच्या जागा. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यामागचं निरीक्षण खरं आहे. माणसांची वर्दळ वाढली, बोका घिरट्या घालू लागला की ती एकेकाला मानगुटीला धरून दुसरीकडे हलवते. या हलवाहलवीत एखादं पिल्लू काही वेळ एकटं दिसतं, मुलांना सापडतं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला जातं.

पहिले काही दिवस कौतुकात जातात. मग घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर, पोटऱ्यांवर लाल रेघा उमटायला लागतात. पिल्लू पलंगाखालून झेप घेऊन पायाला बिलगतं, पांघरुणाखाली हललेला अंगठा पकडतं, कुरवाळणाऱ्या हाताला चारही पायांनी कवटाळून चावतं. "हे फार बोचकारतं, सोडून या," असं घरातलं कुणीतरी म्हणतं, आणि पिशवीत घातलेलं ते पिल्लू मासळी बाजाराजवळ सोडलं जातं. तिथे मासे आहेत म्हणून ते जगेल, असा समज असतो. बहुतेकदा ते जगत नाही. तिथल्या मोठ्या मांजरांचे इलाखे ठरलेले असतात, कुत्री असतात, गाड्या असतात. ज्या सवयीपायी त्याला घर सोडावं लागलं, ती थोड्या आठवड्यांच्या शिस्तीने सुटण्यासारखी होती, हे मला फार लागतं. म्हणून हा विषय नीट मांडायचा आहे.

आधी नखं समजून घेऊ. मांजराच्या पुढच्या प्रत्येक पंजाला पाच आणि मागच्याला चार, अशी एकूण अठरा नखं. एरवी ती कातडीच्या खोबणीत मिटलेली असतात, आणि तशी राहण्यासाठी मांजराला काहीच करावं लागत नाही. लवचीक अस्थिबंध बोटाचं शेवटचं हाड मागे ओढून धरतात. नख बाहेर काढायला मात्र स्नायू आवळावा लागतो. म्हणजे मोठं मांजर नख काढतं ते जाणूनबुजून. पिल्लाचं तसं नाही. साधारण चार आठवड्यांचं होईपर्यंत त्याला नखं पुरती आत घेताच येत नाहीत, आणि त्यानंतरही कुठे किती जोर लावायचा हे कळायला वेळ लागतो. पाच आठवड्यांचं पिल्लू पँटीला नखं रोवून गुडघ्यापर्यंत चढतं तेव्हा त्याच्या मनात राग नसतो. त्याच्याकडे चढायला दुसरं साधन नसतं, एवढंच.

आता ते हे शिकतं कुठे? भावंडांच्या अंगावर. चौथ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांशी झोंबू लागतात. एकाने जरा जोरात चावलं की दुसरं किंचाळतं, खेळ सोडून निघून जातं, नाहीतर तितक्याच जोराने परतफेड करतं. आईही दूध पाजताना दात लागला की उठून जाते. दिवसातून कितीतरी वेळा हे घडतं आणि त्यातून पिल्लाला मोजमाप कळत जातं: इतपत चावलं तर खेळ चालू राहतो, त्यापुढे गेलं तर मोडतो. याच सुमारास आई त्यांच्यापुढे आधी मारलेली आणि मग अर्धमेली शिकार आणून टाकते. सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लाचं लक्ष भावंडांकडून हलणाऱ्या वस्तूंकडे वळतं. पान, झुरळ, पडद्याची झालर, आणि माणसांच्या घरात असेल तर माणसाची बोटं.

सोसायटीतलं पिल्लू आपण नेमकं या शाळेच्या मधूनच उचलून आणतो. चार-पाच आठवड्यांचं, डोळे निळसर, शेपूट उभी, अगदी गोंडस दिसतं तेव्हा. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली जवळपास सहा हजार पाळीव मांजरांची माहिती मालकांकडून गोळा केली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त, आणि चौदा आठवड्यांनंतर वेगळं केलेल्यांमध्ये तो कमी, असं त्यांना आढळलं. दुसरीकडे अमेरिकेतल्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेलं काम सांगतं, की दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसांचा हात लागतो ती पुढे माणसाळलेली होतात. दोन्ही गोष्टी जुळतात. पिल्लांना आईजवळच राहू द्यावं, आणि मुलांनी रोज थोडा वेळ तिथे जाऊन, मांजरिणीच्या देखत, त्यांना हळुवार हाताळावं. सोसायटीच्या जिन्याखाली हे सहज जमतं. त्यासाठी कुणी पिल्लू घरी नेण्याची घाई मात्र करू नये. एकटं सापडलेलं पिल्लू अंगाने धडधाकट असेल, तर लांब उभं राहून काही तास वाट पाहावी. आई बहुधा परत येते.

इथे एक गोष्ट ओघात सांगायलाच हवी, कारण शिरगावची हद्द संपली की शेतं आणि डोंगर फार लांब नाहीत. शेतात सापडलेलं प्रत्येक पिल्लू घरगुती मांजराचं नसतं. रानमांजर किंवा वाघाटीचं पिल्लू पहिल्या नजरेला मनीमाऊसारखंच दिसतं. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी असलेलं. जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी तिची पिल्लं सापडतात, आणि वन विभाग व माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राची मंडळी ती पुन्हा आईच्या हवाली करतात. असं पिल्लू घरी आणणं बेकायदा आहे. शंका आली तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

तर आता पिल्लू घरात आलेलंच आहे, भावंडं मागे राहिली आहेत, आणि मोजमाप शिकवायचं काम आपल्याकडे आलं आहे. इथे बदलापूरच्या घरांची एक खास अडचण उभी राहते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर स्टेशन सुमारे ६८ किलोमीटरवर. सकाळी लोकल पकडून गेलेला माणूस घरी येतो तेव्हा रात्रीचे आठ-साडेआठ झालेले असतात. मुलं शाळेत, मग शिकवणीला. पिल्लू दिवसभर बंद फ्लॅटमध्ये झोपून काढतं. मांजर मुळात दिवसाचं जनावर नाही, रात्रीचंही पुरतं नाही. पहाट आणि तिन्हीसांज ही त्याची शिकारीची वेळ, कारण उंदीर-चिचुंद्र्या त्याच वेळी बाहेर पडतात. म्हणजे दमलेला माणूस दार उघडून आत पाय टाकतो, तेव्हा दिवसभराची साठलेली सगळी ताकद घेऊन एक शिकारी त्याची वाट पाहत असतो. घरात हलणारी एकमेव गोष्ट त्या क्षणी त्या माणसाचे पाय असतात. बोचकारे संध्याकाळी आणि पहाटेच जास्त का बसतात, याचं कारण हे.

आणि आपण काय करतो? दमून सोफ्यावर बसल्या बसल्या हात पुढे करून बोटं नाचवतो. ती पकडायला पिल्लू झेपावतं, आपण हसतो, बोटं मागे घेतो, पुन्हा नाचवतो. दीड महिन्याच्या पिल्लाची नखं गुदगुल्यांसारखी लागतात, तेव्हा हा खेळ गोड वाटतो. चार महिन्यांचं झाल्यावर तेच नख कातडी फाडतं आणि आपण म्हणतो की पिल्लू बिघडलं. बोटं ही शिकार आहेत हा धडा त्याला आपणच दिलेला असतो. म्हणून पहिला नियम एकच आणि तो घरातल्या सगळ्यांसाठी: हाताशी खेळ नाही. हात खाऊ घालतो, कुरवाळतो, उचलतो. तो कधीही पळत नाही, लपत नाही, नाचत नाही. पांघरुणाखाली पाय हलवून त्याला डिवचायचंही नाही. आजोबा दुपारी बोटांशी खेळवतात आणि आई संध्याकाळी त्याच खेळाबद्दल रागावते, असं झालं तर पिल्लाला काहीच कळणार नाही.

नखं हातात रुतलीच तर सगळ्यांत अवघड गोष्ट करावी लागते: हात तसाच स्थिर ठेवायचा. झटकून मागे घेतलेला हात हुबेहूब निसटणाऱ्या उंदरासारखा वागतो, आणि पकड आणखी घट्ट होते. शिवाय नख आतल्या बाजूला वाकलेलं असतं, त्यामुळे मागे ओढलं की रेघ लांबते. हात सैल सोडावा, किंचित पिल्लाच्याच दिशेने न्यावा. नख आपोआप निसटतं. मग काही न बोलता उठून जावं. दुसऱ्या खोलीत, दार लावून, अर्धा-एक मिनिट. भावंड नेमकं हेच करतं: जोरात लागलं, खेळ संपला.

माणसाचं उठून जाणं पिल्लाला कळतं का, असा प्रश्न पडेल. मांजरं शिकतात कशी याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं मांजरांवरच तपासलेलं आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली आपला प्रबंध लिहिला तो भुकेल्या मांजरांना लाकडी फळ्यांच्या पेटीत ठेवून. आत एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर खाणं असे. मांजर आधी वाटेल ते करी. ओरबाडी, चावे, गजांतून अंग काढू पाही. चुकून खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर निरुपयोगी धडपड हळूहळू गळून पडे आणि खटका लवकर दाबला जाई. ज्या वागण्याचं फळ सुखाचं ते टिकतं, ज्याचं फळ मिळत नाही ते मावळतं, हा नियम त्याने यातून मांडला. बोचकारल्यावर आपण ओरडतो, हात नाचवतो, पाठलाग करतो, तेव्हा पिल्लाच्या लेखी खेळ रंगलेला असतो, म्हणजे फळ मिळालेलं असतं. निघून गेल्यावर मिळत नाही. हे सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत बोचकारणं वाढतंही, कारण जुनी युक्ती चालेनाशी झाली की पिल्लू ती आणखी जोराने करून बघतं. बहुतेक घरं नेमकी इथे हार मानतात. इथे टिकून राहायचं.

पण नुसतं नाकारून भागत नाही. शिकारीची ऊर्मी कुठेतरी जायला हवी. यासाठी महागडं काही लागत नाही. खराट्याच्या दोन-तीन काड्या एकत्र बांधायच्या किंवा हातभर लांबीची वेताची काठी घ्यायची, तिच्या टोकाला सुतळी आणि सुतळीला कापडाची गाठ. खेळताना गाठ पिल्लाच्या तोंडावर नाचवायची नाही; खरा उंदीर मांजराच्या दिशेने कधी धावत येत नाही. ती भिंतीच्या कडेने सरकवावी, सोफ्याच्या पायामागे लपवावी, थांबवावी, पुन्हा थोडी हलवावी. पिल्लू दबा धरतं, मागचा भाग हलवतं, झेप घेतं. अधूनमधून त्याला ती पकडू द्यावी, मागच्या पायांनी लाथा मारून चावू द्यावी. ही लाथाळीच एरवी आपल्या हाताच्या वाट्याला येते, म्हणून एक जुना मोजा चिंध्यांनी भरून, पिल्लाएवढा लांब करून द्यावा. हाताला मिठी मारायला आलं की मधे तो मोजा सरकवायचा. लेझरच्या ठिपक्यामागे पळवण्याचा खेळ मला पसंत नाही. ठिपका कधीच पंजात येत नाही आणि पिल्लू चिडचिडं होतं.

शिकारीचा क्रम असा असतो: दबा, पाठलाग, झेप, पकड, खाणं, अंग चाटणं, झोप. खेळ संपवताना हाच क्रम पाळावा. संध्याकाळी घरी आल्यावर कपडे बदलायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं काठी-सुतळी, मग लगेच रात्रीचं जेवण. पिल्लू खाईल, तोंड पुसेल आणि झोपेल, आणि माणसांनाही निवांत जेवता येईल. असाच दुसरा खेळ रात्री झोपण्यापूर्वी ठेवला तर पहाटे पायाच्या अंगठ्यावर होणारे हल्ले बरेच कमी होतात. खेळ झाला की सुतळी कपाटात बंद करायची, हे विसरू नये. दोरा, राखीचा गोंडा, गजऱ्याचा धागा, शिवणाची रिळं, मांजा पिल्लाच्या पोटात गेला तर आतडी गोळा होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते.

नखं घासणं हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तो बंद करू पाहणं चूक. मांजर सोफा ओरबाडतं ते नखांचं जुनं आवरण काढायला, अंग ताणायला आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे ठेवायला. त्यासाठी एक खांब द्यावा: लाकडाचा ओंडका किंवा जाड पीव्हीसी पाइप, त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेली, खाली रुंद पाट ठोकलेला. खांब डगमगला तर मांजर पुन्हा त्याकडे जात नाही. उंची हवी पूर्ण वाढलेलं मांजर मागच्या पायांवर ताठ उभं राहील एवढी, साधारण तीन फूट. तो अडगळीत न ठेवता झोपायच्या जागेजवळ ठेवावा, कारण उठल्या उठल्या ते अंग ताणतं. काही पिल्लांना उभ्यापेक्षा आडवं आवडतं. त्यांना काथ्याचं पायपुसणं पुरतं.

दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोकं कापावीत. पंजाचं बोट हलकेच दाबलं की नख बाहेर येतं. त्यात गुलाबी भाग दिसतो तो जिवंत, रक्तवाहिनीचा. त्याच्या पुढचं पारदर्शक, अणकुचीदार टोक तेवढं काढायचं. पिल्लू पेंगत असताना एका वेळी दोनच नखं कापली आणि लगेच खाऊ दिला, तर ते कुरकुर करत नाही. नखं कायमची काढून टाकण्याची शस्त्रक्रिया परदेशात बरीच वर्षं चालत आली. तिच्यात नखासोबत बोटाचं शेवटचं हाडच तोडलं जातं. अशा मांजराला चालताना दुखतं, आणि नखं नसल्याने ते जास्त चावू लागतं. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात प्राण्याचा अवयव छाटणं आणि त्याला मारहाण करणं, दोन्ही गुन्हे आहेत.

मारण्याबद्दल सांगायचं तर, नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा, मानगूट धरून लोंबकळवणं, या उपायांनी पिल्लू हाताला घाबरायला शिकतं. घाबरलेलं मांजर खेळकर मांजरापेक्षा कितीतरी खोल ओरबाडतं. खेळताना कान पुढे असतात. घाबरल्यावर ते मागे चपटे होतात, अंग आखडतं, ते फिसकारतं. हा फरक मुलांना आवर्जून दाखवावा. कुरवाळताना होणारा हल्लाही असाच वाचता येतो. शेपटीचं टोक आपटू लागलं, पाठीची कातडी थरथरली, कान बाजूला वळले की हात थांबवायचा. गाल, हनुवटीखालचा भाग, कानामागची जागा बहुतेक मांजरांना आवडते. उताणं होऊन पोट दाखवलं म्हणजे पोटावर हात फिरव असं ते म्हणत नसतं.

हे सगळं सांभाळूनही ओरखडा उठलाच, तर त्याकडे पाहायची आपली पद्धत बदलायला हवी. हळद, चुना, तिखट यांपैकी काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवावी. रेबीज मुख्यतः कुत्र्यांमुळे होतो, पण मांजरामुळेही होऊ शकतो, आणि लक्षणं सुरू झाली की त्यावर उपाय उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत रक्त न आलेला ओरखडाही दुसऱ्या श्रेणीत येतो आणि त्याला लस लागते. कातडी भेदून रक्त आलं तर तिसरी श्रेणी, लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचं इंजेक्शनही. रस्त्यावरून आणलेलं, लस न झालेलं पिल्लू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना जखम दाखवावी. शासकीय रुग्णालयांत ही लस मोफत मिळते; उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय या पट्ट्यातलं मोठं शासकीय रुग्णालय आहे. पिल्लाला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर द्यायची असते.

दुसरा आजार तुलनेने सौम्य, पण पावसाळ्यात आठवणीत ठेवावा असा. बार्टोनेला हेन्सेली नावाचा जिवाणू पिसवांमार्फत मांजरांत पसरतो. पिसवांची विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यातून माणसात जाते. काही दिवसांनी जखमेच्या जागी फोड येतो, काखेत किंवा मानेला गाठ सुजते, ताप येतो. धडधाकट माणसात हे बहुधा आपसूक बरं होतं, पण प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ते महागात पडू शकतं. पिसवा आवरल्या की हा धोका बराच खाली येतो. त्यासाठी कुत्र्याचं औषध मांजराला कधी लावू नये. त्यातलं परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे.

या सगळ्याला किती दिवस लागतात? एकटं, लवकर तुटलेलं पिल्लू असेल तर काही आठवडे. शक्य असेल तर त्याच वेतातलं दुसरं पिल्लूही सोबत घ्यावं. दिवसभर बंद राहणाऱ्या घरासाठी याहून चांगला सल्ला माझ्याकडे नाही. दोघं एकमेकांवर नखं आजमावतात, एकमेकांना थांबवतात, आणि रात्री साडेआठला दार उघडतं तेव्हा त्यांची निम्मी ताकद आधीच खर्च झालेली असते. पाच-सहा महिन्यांत त्यांची नसबंदी करून घ्यावी. जिन्याखाली राहिलेल्या त्यांच्या आईचीही, पिल्लं दूध सोडून खायला लागली की. तिचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. सोसायटीने वर्गणी काढून हा खर्च उचलला, तर पुढच्या उन्हाळ्यात त्या जिन्याखाली नवं वेत होणार नाही.